साठ दिवस नेमके कुणाचे?

बांधकाम परवानगीला किती दिवस लागतात? मराठवाड्यातल्या कुठल्याही महापालिकेत हा प्रश्न विचारा, उत्तरं दोन मिळतात. नगररचना विभागात सांगतील, पंधरा-वीस दिवस. बाहेर जिन्यात फाइल काखेत धरून उभा असलेला माणूस सांगेल, गेल्या दिवाळीपासून. मग दोघांपैकी एक जण खोटं बोलतोय असं आपण धरून चालतो आणि वाद तिथेच भरकटतो. बहुतेक वेळा दोघंही खरं बोलत असतात. त्यांनी मोजायला सुरुवात वेगवेगळ्या दिवशी केलेली असते, एवढंच.

२०२५ च्या सुरुवातीला राज्य शासनानं कार्यालयांसाठी सुधारणांचा शंभर दिवसांचा कार्यक्रम आखला, क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडिया या मूल्यांकन संस्थेकडून गुण देववले, पाठोपाठ दीडशे दिवसांचा कार्यक्रम आणला. तेव्हापासून सगळीकडे दिवसांचीच भाषा आहे. एका बाजूला अधिकारी म्हणतात, आमचे आकडे बघा, प्रस्ताव वेळेत निकाली निघताहेत. दुसऱ्या बाजूला बांधकाम व्यावसायिक आणि आर्किटेक्ट म्हणतात, मुदत आणखी कमी करा, मुदत उलटली की परवानगी मिळाली असं धरा आणि साहेबांना दंड ठोका. मला दोन्ही बाजू फसव्या वाटतात. मुदत किती असावी हा प्रश्न दुय्यम आहे. ती कुठल्या दिवशी सुरू होते, कशानं थांबते आणि थांबवण्याचा अधिकार कुणाला आहे, हे ठरल्याशिवाय साठाचे तीस केले काय आणि तिसाचे पंधरा केले काय, जिन्यातल्या माणसाला त्याचा पत्ताही लागणार नाही.

कायदाच उघडून बघू. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ चा. कलम ४५ च्या पाचव्या पोटकलमात मानीव परवानगीची तरतूद आहे. साठ दिवसांत निर्णय कळवला नाही, तर एकसष्टाव्या दिवशी परवानगी मिळाली असं मानायचं. म्हणजे जी मागणी आज नव्यानं होते आहे, ती जवळजवळ सहा दशकं कायद्यात लिहिलेली आहे. मग ती कुणाच्या कामाला का येत नाही? कारण त्याच वाक्यात पुढे म्हटलंय की साठ दिवस अर्ज मिळाल्यापासून मोजायचे किंवा विचारणा झाल्यावर अर्जदारानं दिलेलं उत्तर मिळाल्यापासून, यातलं जे नंतरचं असेल त्यापासून. पंचावन्नाव्या दिवशी एक त्रुटी काढली की घड्याळ पुन्हा शून्यावर. लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मध्येही हीच वाट मोकळी आहे. बांधकाम परवाना, जोत्यापर्यंतचं काम तपासल्याचं जोते प्रमाणपत्र, पूर्ण इमारत वापरायला परवानगी देणारं भोगवटा प्रमाणपत्र या अधिसूचित सेवा आहेत, कसूर करणाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड आहे, दोन अपिलं आहेत, वर आयोग आहे. पण मुदत सुरू होते ती परिपूर्ण अर्ज मिळाल्यावर. आणि अर्ज परिपूर्ण आहे की नाही, हे ठरवणार कोण? ज्याला दंड व्हायचा आहे, तोच.

हे कसं चालतं ते फाइलीच्या प्रवासात दिसतं. आर्किटेक्टनं नकाशे ऑनलाइन प्रणालीत चढवले. संगणकानं सामासिक अंतरं (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा), चटई क्षेत्र (बांधकामाचं एकूण क्षेत्र), उंची तपासली. कनिष्ठ अभियंता स्थळपाहणीला गेला आणि पहिली त्रुटी निघाली: मोजणी नकाशा जुना आहे. अर्जदार भूमी अभिलेख कार्यालयात पळाला, मोजणीची तारीख घेतली, नकाशा आणला. मग दुसरी त्रुटी निघाली, पोहोच रस्त्याची रुंदी सिद्ध करा. ती झाली तोवर वरच्या अधिकाऱ्याच्या लॉगिनला तिसरी, अकृषिक आकारणीची पावती जोडलेली नाही. यातली एकही त्रुटी खोटी नसते. पण तिन्ही पहिल्याच दिवशी दिसत होत्या. एकदम का काढल्या नाहीत? दर वेळी काहीतरी मिळावं म्हणून, असं लोक म्हणतात आणि काही ठिकाणी ते खरंही असेल. पण भ्रष्टाचार अजिबात नसलेल्या विभागातही हेच होईल, कारण त्रुटी काढली की फाइल आपल्या लॉगिनवरून जाते आणि अहवालात प्रलंबित म्हणून दिसत नाही. भला अधिकारीसुद्धा ताण आला की तेच करील. एका नेमक्या त्रुटीवर फाइल परत पाठवणं हे सगळी फाइल बसून वाचण्यापेक्षा कमी कष्टाचं आहे आणि अहवालात ते शोभूनही दिसतं.

आता सरासरीचं बघा, कारण आढावा बैठकीत साहेबांपुढे तीच ठेवली जाते. समजा दहा अर्ज आले. सात बारा दिवसांत मंजूर झाले, तीन अडकले. महिनाअखेरीचा अहवाल निकाली प्रकरणांचाच असतो, म्हणून त्यात सरासरी येते बारा दिवस. अडकलेले तीन कुठेच नाहीत. पुढे कुणी कर्तव्यदक्ष अधिकारी आला, त्यानं धूळ खात पडलेले ते तीन दीडशे दिवसांनंतर मोकळे केले. दहाची सरासरी आता त्रेपन्न दिवसांवर जाते. म्हणजे ज्यानं जुनी फाइल सोडवली त्याच्या नावावर ढिलाई लागली आणि ज्यानं ती दाबून ठेवली त्याच्या नावावर कार्यक्षमता. अशा मापानं मोजलेल्या विभागात जुन्या फाइलीला हात कोण लावेल? सोपी, ताजी प्रकरणं वर आणि अवघड, जुनी प्रकरणं तळाला, ही रचना कुणी कट करून केलेली नाही. मोजण्याच्या पद्धतीनंच ती घडवली आहे. शिवाय ‘निकाली’ या रकान्यात नामंजूर प्रकरणंही असतात. अर्ज फेटाळला, अर्जदारानं दुरुस्ती करून नवा टाकला, नवा क्रमांक पडला, नवी तारीख लागली. माणूस तोच, प्लॉट तोच, पण कागदावर ही दोन प्रकरणं झाली आणि दोन्ही वेळेत निकाली निघाली!

मराठवाड्याला हा अनुभव नवा नाही. अनुशेषाचं, म्हणजे राज्याच्या तुलनेत मागे राहिलेल्या विकासाच्या तुटीचं, काय झालं ते आठवा. मराठवाडा-विदर्भाला न्याय्य वाटा देण्याचं आश्वासन देणाऱ्या १९५३ च्या नागपूर करारानंतर तीस वर्षं आपण अन्याय झाला म्हणत राहिलो आणि सरकार कुठे झाला म्हणत राहिलं. १९८३ मध्ये वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली. तिनं पुढच्या वर्षी राज्याचा एकूण अनुशेष सुमारे ३,१८६ कोटी रुपये आणि त्यातला मराठवाड्याचा सुमारे ७५० कोटी असल्याचं मांडलं, तेव्हा पहिल्यांदा भांडणाला पाया मिळाला. मोजण्याची ताकद ती. पण पुढे निर्देशांक व अनुशेष समितीनं १ एप्रिल १९९४ ही तारीख धरली. त्या दिवशी जेवढी तफावत होती तेवढाच अनुशेष. तो भरून निघाला की सरकारदरबारी हिशेब मिटला. त्यानंतर जी दरी वाढली ती कुठल्याच रकान्यात बसेना. सिंचनाचा अनुशेष कागदावर घटत असताना शेतकऱ्याला पाणी का दिसत नाही, या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या तारखेत आहे. रकाना कुणी आखला, कुठली तारीख धरली, यावर काय दिसतं आणि काय दिसत नाही हे ठरतं. बांधकाम परवानगीत आपण तीच चूक, पुण्या-मुंबईच्या माथी न मारता, आपल्याच महापालिकांत करतो आहोत.

इथे एक आक्षेप येईल आणि तो सगळ्यांत वजनदार आहे. तो असा की मोजमाप स्वतःच बिघाड करतं. एखादं माप उद्दिष्ट बनलं की माप म्हणून निकामी होतं, हा विचार अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांच्या नावानं ओळखला जातो आणि त्याचे दाखले भरपूर आहेत. इंग्लंडमध्ये नियोजन अर्जांना लहान प्रकरणांत आठ आणि मोठ्या प्रकरणांत तेरा आठवड्यांची मुदत आहे. ती चुकवणाऱ्या संस्थेवर तिथल्या केंद्र सरकारची नजर येते. मग स्थानिक संस्था अर्जदाराशी मुदतवाढीचा करार करू लागल्या. करार झाला की उशीरसुद्धा वेळेत धरला जातो. अर्जदार नाही म्हणू शकतो का? म्हणू शकतो, पण मग नकार पदरात घ्यायची तयारी ठेवावी लागते. आपल्या जवळचा दाखला जागतिक बँकेच्या व्यवसायसुलभतेच्या ‘डुइंग बिझनेस’ क्रमवारीचा. बांधकाम परवान्यांच्या यादीत भारत एका आवृत्तीतल्या १८१ व्या क्रमांकावरून पुढच्याच आवृत्तीत ५२ वर आणि त्यानंतर २०२० च्या आवृत्तीत २७ वर आला. ढोल वाजले. पण ते माप एका ठरावीक गोदामाच्या परवानगीचं होतं आणि त्यात वजन मुंबई-दिल्लीचं. परभणीत दोन खोल्यांवर मजला चढवणाऱ्याशी त्या १५४ पायऱ्यांचा काडीचा संबंध नव्हता. पुढे आकडेवारीतल्याच गैरप्रकारांवरून बँकेनं २०२१ मध्ये ती क्रमवारी बंद केली.

हे सगळं मान्य. पण यातून निष्कर्ष काय काढायचा? मोजणं सोडायचं? मोजणी बंद केली तर लबाडी थांबत नाही, ती फक्त दिसेनाशी होते. इंग्लंडमधला मुदतवाढीचा खेळ उघडा पडला तो तिथे अर्जांची आकडेवारी तिमाहीला प्रसिद्ध होते म्हणून. गुडहार्टचा धडा असा की ज्याचं काम मोजायचं, त्याच्याच हातात माप देऊ नका आणि एकाच आकड्यावर कुणाची बढती किंवा बदली टांगू नका. अर्ज पहिल्यांदा दाखल झाल्यापासून मंजुरी हातात पडेपर्यंतचे सगळे दिवस, त्रुटीचे, शुल्काच्या चलनाचे, सुट्टीचे, सगळे धरून मोजले, तर त्यात खेळायला जागा फार उरत नाही. कारण शेवटची तारीख लोकांच्या हातात असते.

दुसरा आक्षेप अधिकाऱ्यांचा आणि तोही खोटा नाही. ते म्हणतात, अर्धवट फाइली येतात, त्याला आम्ही काय करणार? सातबारावर एक क्षेत्र, पीआर कार्डावर (शहरी मालमत्ता पत्रकावर) दुसरं, जागेवर तिसरं. आर्किटेक्टनं नकाशा सहायकावर सोपवलेला, सहायकानं मागच्याच प्रकरणाचा उचलून बदललेला. ज्यांनी नगररचना विभागात एक आठवडा काढलाय त्यांना हे सांगायला नको. अर्जदाराच्या हातून गेलेले दिवस विभागाच्या नावावर टाकणं अन्याय्यच होईल. म्हणून दोन आकडे हवेत, शेजारी शेजारी. एकूण दिवस किती आणि त्यातले विभागाच्या ताब्यात किती. सोबत प्रत्येक फाइलीत किती वेळा त्रुटी निघाली, हेही. एखाद्या आर्किटेक्टच्या फाइली पुन्हा पुन्हा परत येत असतील तर ते सगळ्यांना दिसू द्या. त्याच्याकडे जाण्याआधी प्लॉटवाल्याला ते कळायला नको का? आणि एखाद्या टेबलावरून त्रुटी नेहमी तीन हप्त्यांत निघत असतील, तर तेही दिसेल. या पारदर्शकतेला व्यावसायिकांच्या संघटना किती उत्साहानं पाठिंबा देतात, ते बघण्यासारखं असेल.

तिसरा आक्षेप सुरक्षिततेचा. मराठवाड्यात तो हलक्यात घेण्याची सोय नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात जवळपास दहा हजार माणसं गेली, ती मुख्यतः दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरच्या माळवदाच्या भाराखाली. तो भाग तेव्हाच्या भूकंप नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. नंतर नकाशा बदलला, लातूर-धाराशिवचा तो भाग मध्यम धोक्याच्या तिसऱ्या पट्ट्यात आला. असा इतिहास असलेल्या प्रदेशात ‘पटकन शिक्का मारा’ हे घोषवाक्य होऊ शकत नाही. पण उशीर म्हणजे तपासणी, हे समीकरण कुणी मांडलं? दोनशे दिवस पडून राहिलेल्या फाइलीतले एकशे नव्वद दिवस कुणी तिच्या स्तंभ-तुळयांचा हिशेब तपासत नसतं. ती नुसती पडलेली असते. उलट, कंटाळलेला माणूस परवानगीविना बांधतो, तेव्हा तपासणी शून्य होते. जोत्यापर्यंत काम आलं की जागेवर जाऊन बघणं ही सुरक्षिततेची खरी जागा आहे आणि नेमका तिथेच अभियंत्याला वेळ नसतो, कारण तो टेबलावरच्या त्रुटींच्या फेऱ्या सांभाळत असतो.

मनुष्यबळाबद्दल मी भांडणार नाही. नगररचनेची पदं रिकामी राहतात, एका अधिकाऱ्याकडे दोन-दोन कार्यभार असतात, जालन्यासारखी महापालिका तर २०२३ मध्ये अस्तित्वात आली. पण पदं मागायलाही आकडाच लागतो. विभागात चारशे फाइली प्रलंबित असतील आणि महिन्याला शंभर हातावेगळ्या होत असतील, तर आज आलेल्या माणसाला सरासरी चार महिने थांबावं लागणार, मग भिंतीवरच्या नागरिकांच्या सनदेत काहीही लिहिलेलं असो. हा साधा भागाकार आहे. रांगांच्या शास्त्रात तो जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेल्या सूत्रात बसतो. हा भागाकार आयुक्तांनी दर महिन्याला मांडला, तर दोन अभियंते जादा मागण्याचं पत्र मंत्रालयात नुसतं रडगाणं ठरणार नाही.

आता मानीव परवानगीच्या आग्रहाकडे येतो. तो ऐकायला मर्दानी वाटतो, पण सामान्य माणसाला त्याचा उपयोग जवळपास नाही. मौनावर बँक गृहकर्ज देत नाही, तिला शिक्क्याचा मंजूर नकाशा लागतो. शिवाय बांधकाम नियमांत बसत असेल तरच मानीव परवानगी टिकते. उद्या वाद झाला तर ते सिद्ध करत कोर्टाच्या पायऱ्या कोण झिजवणार? २०२५ च्या जून-जुलैत छत्रपती संभाजीनगरात मुकुंदवाडी, बीड बायपास अशा ठिकाणी रस्त्यालगतची बांधकामं मोठ्या प्रमाणावर पाडली गेली. जेसीबी दारात आल्यावर प्रश्न परवानगीच्या कागदाचा असतो. तिथे कुणी ‘साठ दिवस उलटून गेले होते’ असं सांगून भिंत वाचवेल, अशी कल्पना तरी करता येते का? मोठ्या बिल्डरला वकील परवडतो, त्याच्यासाठी ही तरतूद हत्यार आहे. वीस बाय तीसच्या प्लॉटवाल्यासाठी ती सापळा आहे.

आणि त्या वीस बाय तीसवाल्याची गोष्ट खरं तर परवानगीच्या टेबलाच्याही आधी सुरू होते. डिसेंबर २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनं १,५०० चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडाला परवानगीच्या फेऱ्यातून जवळपास मोकळं केलं, ३,००० चौरस फुटांपर्यंत दहा दिवसांत परवानगी देऊ केली. चांगला निर्णय. पण ही सोय ज्याचा ले-आउट मंजूर आणि मालकी स्वच्छ, त्याच्यासाठी. संभाजीनगरच्या कडेकडेनं वाढलेल्या गुंठेवारी, म्हणजे जमिनीचे मंजुरीविना छोटे तुकडे पाडून वसलेल्या, वस्त्यांमध्ये बाँडपेपरवर प्लॉट घेतलेल्यांचं काय? गुंठेवारी कायदा २००१ चा. आधी १ जानेवारी २००१ पर्यंतची बांधकामं त्यात येत होती, २०२१ च्या दुरुस्तीनं ती रेघ ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे सरकली. या माणसाचा पहिला अर्ज नियमितीकरणाचा, दुसरा परवानगीचा, तिसरा भोगवट्याचा. प्रत्येकाचं घड्याळ वेगळं, प्रत्येक घड्याळ वेळेत आणि माणसाच्या आयुष्यातली पाच वर्षं गेलेली. तिकडे शेंद्रा-बिडकीनच्या ऑरिक या नियोजित औद्योगिक शहरात सगळं सुरळीत होतं, मग महापालिकेला काय धाड भरलीय, असं विचारणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की तिथे जमीन आधीच संपादित आहे, मोजलेली आहे, रस्ते आणि गटारं आधी झालीत. तिथला वेग खिडकीवरचा नाही, खिडकीपर्यंत येण्याआधी झालेल्या कामाचा आहे. शहरात ते काम पन्नास वर्षं कुणी केलं नाही आणि त्याची वसुली आता एकेका प्लॉटवाल्याकडून त्रुटी काढून चालली आहे. म्हणून परवानगीच्या दिवसांसोबत, एका भूखंडावर एकूण किती अर्ज झाले तेही जोडून बघायला हवं. नाहीतर गुंठेवारीतला माणूस कुठल्याच तक्त्यात उशिराचा म्हणून दिसणार नाही.

हे करायला खर्च किती? प्रणाली ऑनलाइन झाल्यापासून फाइल कुणाच्या लॉगिनला कधी आली आणि कधी गेली, याची नोंद आपोआप होते. नवी यंत्रणा नको, सल्लागार संस्था तर नकोच. भूखंडाच्या आकारानुसार गट पाडा. प्रत्येक गटात, दिवसांच्या क्रमानं अर्ज मांडल्यावर मधोमध येणाऱ्या अर्जाला किती दिवस लागले आणि सर्वांत रखडलेल्या दहा टक्क्यांना किती, ते द्या. आजच्या तारखेला प्रलंबित असलेल्या फाइलींचं वय द्या, सर्वांत जुनी सर्वांत वर. अर्जदारांची नावं नकोत, क्रमांक पुरेत. अधिकाऱ्यांना बदनाम करायचा हा डाव आहे, असं म्हटलं जाईल. पण आज ज्यांच्या नावावर सगळ्या विभागाची बदनामी खपते, त्या बऱ्या अधिकाऱ्यांना स्वतःचं काम दाखवायला दुसरा मार्ग तरी कुठला आहे?

माहिती अधिकार अधिनियम २००५ च्या कलम ४ नुसार, दिलेल्या परवानग्यांचा तपशील कुणी मागण्याची वाट न बघता स्वतःहून प्रसिद्ध करणं प्रत्येक महापालिकेवर तेव्हापासूनच बंधनकारक आहे. त्या यादीत दोन रकाने वाढवायचे आहेत: अर्ज पहिल्यांदा आला ती तारीख आणि परवानगी हातात पडली ती तारीख. प्रलंबित फाइलींची यादी त्या कलमात बसत नाही. ती आयुक्तांना आपणहून लावावी लागेल, आणि त्यांनी नाही लावली तर नगरसेवकांनी पुढच्याच सर्वसाधारण सभेत मागावी.